धोंडेवळणचा छायाकौल

निकाल आला तेव्हा मृदुला इंगवले डबा उघडत होती. समोरच्या पडद्यावर गावाचं नाव उमटलं, त्याखाली एक हिरवी पट्टी सरकत गेली आणि दोन-तृतीयांशाची रेघ जेमतेम ओलांडून थांबली. खोलीत टाळ्या झाल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. धोंडेवळण हे मृदुलाचं गाव, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. नदीकाठची जागा सोडून माळावर जायला ते गाव तयार आहे, असं यंत्र सांगत होतं.

मृदुलानं डबा पुन्हा बंद केला. गाव हलवायला विरोध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष दौलतराव इंगवले होते, आणि दौलतराव तिचे वडील होते.

धोंडेवळण वारणेच्या एका मोठ्या वळणात, गाळाच्या सुपीक मळीवर वसलं होतं. पूर्वी पिढीत एखादा महापूर यायचा. आता पाऊस महिनाभराचा कोटा दोन दिवसांत ओतून मोकळा व्हायचा, आणि पूर वर्षाआड येऊ लागला होता. अशी गावं उंचावर हलवण्यासाठी सरकारनं पुनर्वसन अभियान काढलं. कायद्यानं गावाची संमती घेणं भाग होतं: गुप्त मतदान, आणि दोन-तृतीयांश होकार. पण मतदान म्हटलं की गावागावांत डोकी फुटू लागली, तारखा पुढं गेल्या, आणि दोन ठिकाणी मतदानाच्या आधी नदीच येऊन गेली. मग कायद्यात दुरुस्ती झाली. यंत्रानं काढलेला अंदाज, म्हणजे छायाकौल, स्पष्ट असेल आणि तज्ज्ञानं तो तपासून सही केली असेल, तर प्रत्यक्ष मतदानाची गरज नाही. या दुरुस्तीखाली उठणारं धोंडेवळण हे पहिलं गाव असणार होतं.

आणि सही करायची होती मृदुलानं.

"सर, माझे वडील त्या समितीचे अध्यक्ष आहेत. तपासणी दुसऱ्या कुणाकडं द्या," असं तिनं छायाकौल केंद्राचे संचालक डॉ. केळुसकर यांना आधीच सांगितलं होतं.

केळुसकर हसले होते. "म्हणूनच तर तू हवीस. विरोधकाच्या मुलीनंच सही केली म्हटल्यावर कोण बोट दाखवणार?"

हे केंद्र विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातूनच वाढलं होतं. एके काळी त्या मजल्यावर चार दारांआड चार तऱ्हेची माणसं बसत. माणसानं राज्याची आज्ञा का पाळायची, असले प्रश्न चघळणारे सिद्धांतवाले. देशादेशांच्या राजवटी शेजारी शेजारी मांडून बघणारे तुलनावाले. कारभाराचा गाडा प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहणारे लोकप्रशासनवाले. आणि या सगळ्यांना सर्वेक्षणं, मुलाखती, आकडेमोड ही हत्यारं पुरवणारे पद्धतीवाले. मृदुला चौथ्या दारातली. यंत्र आलं आणि बाकीची दारं एकेक करून ओस पडली.

लोकमत मोजण्याची जुनी रीत तिला आजही आवडायची. लाखातून हजार माणसं अशी निवडायची की त्यांत सगळ्या थरांची हजेरी लागेल, त्यांना प्रश्न विचारायचे आणि लाखाचा अंदाज बांधायचा. डॉक्टर थेंबभर रक्तावरून अंगातल्या सगळ्या रक्ताबद्दल सांगतो, तसं. त्यात खोट एकच होती. विचारणाऱ्याला बरं वाटेल ते माणसं सांगत. शेजारी ऐकत असेल तर काही निराळंच सांगत.

छायाकौलानं विचारणंच सोडून दिलं. प्रत्येक मतदाराची एक छाया यंत्रात तयार होई. विजेचा वापर, दुकानातली खरेदी, फोन कुठं कुठं फिरला, कुणाशी किती वेळ बोलला, ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणात कुठल्या शब्दावर आवाज कापला, असं सगळं तिच्यात मिसळलेलं. मग या छाया एकमेकींच्या शेजारात सोडत. त्या एकमेकींचं ऐकत, रुसत, वळत, आणि शेवटी मत देत. हा खेळ यंत्र हजारो वेळा खेळे आणि सरासरी काढी. गेल्या तीन निवडणुकांत यंत्र आणि मतपेटी यांच्यात केसाएवढाही फरक पडला नव्हता. बाहेर पडायचा तो फक्त गावाचा एकूण आकडा. कुठल्या माणसाची छाया काय म्हणाली, हे कुणालाही कळणार नाही, असं केंद्रानं लिहून दिलं होतं.

तपासणीसासाठी मात्र माणसामाणसाचा तो थर उघडा होता.

मृदुलानं दोन दिवस तो उघडला नाही. तिसऱ्या दिवशी, आपण पद्धतीची तपासणी करतोय, दुसरं काही नाही, असं स्वतःला बजावत तिनं वडिलांचं नाव टाकलं.

पडद्यावर हिरवा ठिपका आला. दौलतराव इंगवले: होकार. शंभरातल्या नव्वदांहून जास्त खेळांत होकार.

ती खुर्चीत मागं रेलली. गेलं वर्षभर गावोगाव सभा घेऊन "मळी सोडणार नाही" म्हणून गरजणारा हा माणूस! तिनं धागे उलटे तपासले. दौलतरावांची छाया वळली की त्यांच्या शब्दावर चालणारी वरच्या आळीतली पंचवीस-तीस घरं मागोमाग वळत होती. तेवढ्यानंच ती हिरवी पट्टी रेघेपलीकडं जात होती. तिचे आण्णा नकारावर राहिले, तर गाव नकारावर राहत होतं.

ती तशीच उठून फिरोज मुजावरच्या खोलीत गेली. फिरोज सिद्धांतवाला, त्या दारामागं उरलेला शेवटचा. कुणाचं नाव न घेता तिनं त्याला विचारलं, "यंत्र बरोबर असेल तर? माणसाच्या मनातलं खरंच त्याला कळत असेल, तर मतदान करून वेगळं काय मिळणार?"

फिरोजनं चष्मा काढला. "पेशंट ऑपरेशनला हो म्हणणार, याची डॉक्टरला पक्की खात्री आहे. म्हणून न विचारता पोट फाडायचं का?"

"नाही."

"का नाही? उत्तर तर माहीत आहे."

ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"संमती म्हणजे मनात पडलेली वस्तू नव्हे, मृदुला, की तू हात घालून बाहेर काढलीस. ती माणसानं करायची गोष्ट आहे. त्यानं केली नाही तोवर ती नसतेच. तुझं यंत्र हवामान सांगतं. चांगलं सांगत असेल. पण हवामानाचा अंदाज आला म्हणून शेत भिजत नाही."

"आणि विचारत बसलो तोवर नदी आली, तर?"

फिरोजनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मृदुला गावी निघाली.

*

"आलीस व्हय? कळवायचं तरी," दौलतराव ओसरीवरून म्हणाले. उपसा सिंचन संस्थेचे ते बरीच वर्षं चेअरमन होते, आणि सगळं गाव त्यांना चेअरमनच म्हणायचं. समितीची चार माणसं भोवती बसली होती. त्यांत अवधूत खोत पुढं होता. अवधूत म्हणजे समितीचा सचिव, चेअरमनांचा उजवा हात, तिशीतला, बोलताना मूठ आवळणारा.

"ताई, तुमच्या यंत्राला सांगा," तो हसत म्हणाला, "धोंडेवळणची माणसं विकत घ्यायला अजून जन्मायचाय कुणीतरी."

दौलतरावही हसले. मृदुला त्यांच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं अनोळखी घरांत बसून माणसं वाचली होती. आपलं घर असं कधी वाचलं नव्हतं. दरवर्षी मे महिन्यात चुन्याचा हात फिरायचाच, तो यंदा भिंतींवर फिरला नव्हता. परड्यात आंब्याची रोपं पिशव्यांमध्येच वाढत होती, जमिनीत लावलेली नव्हती. माळ्यावरची जुनी तांब्याची भांडी पुतण्याकडं शहरात पोचली होती. तोंडानं गरजणारा माणूस हातानं हळूहळू घर सोडत होता, आणि हे त्याचं त्याला तरी उमगलं होतं की नाही कोण जाणे.

दुपारी माणसं पांगल्यावर आई, शालनबाई, चुलीपाशी शेंगा भाजत होती. मृदुलानं विचारलं, "आई, तुला काय वाटतं? जायचं का माळावर?"

"मला काय इचारतीस?" आई म्हणाली. "ह्यांचा जीव हाय ह्या मळीत. मी न्हाईच म्हणणार."

"आणि तुला स्वतःला?"

आईनं उलथणं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. "शेंगा करपत्यात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले फोन एकदम वाजू लागले.

फोनवर एक नकाशा आला होता. धोंडेवळणचा, घराघरांचा. प्रत्येक घरावर ठिपके, प्रत्येक ठिपक्याला नाव. नकार तांबडा, होकार हिरवा. तो कुणी पाठवला हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण मृदुलानं पाहताक्षणी ओळखला. तपासणीसासाठी राखलेला थर जसाच्या तसा उचलून गावावर ओतला होता.

तिनं केळुसकरांना फोन लावला. "सर, हे बाहेर कसं आलं?"

"अभियानाच्या लोकांनी मागितलं होतं. कुणाला समजावायचं ते कळावं म्हणून. त्यांच्याकडून फुटलं असेल."

"आपण लिहून दिलं होतं!"

"मृदुला, झालं ते झालं. आता तर सही लगेच हवी. उशीर केलास तर गाव पेटेल."

गाव पेटायला लागलंच होतं. सख्ख्या भावांच्या चुली त्या सकाळी वेगळ्या झाल्या. एका सुनेला सासऱ्यानं दारातच अडवलं, "तुझा ठिपका हिरवा कसा?" तिनं कुणाला मत दिलंच नव्हतं, मतदान अजून झालंच नव्हतं. पण न दिलेल्या मतांचा जाब घरोघर सुरू झाला होता. गुप्त मतदानाचा धडा मृदुलानं वर्षानुवर्षं शिकवला होता. पडदा का लावायचा, तर माणसाला जुलमापासून वाचवायला. त्या पडद्याआड माणूस स्वतःचं मन घडवत असतो, तिथं पोचेपर्यंत ते बदलायची त्याला मुभा असते, हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं. नकाशानं ती मुभाच काढून घेतली होती.

इंगवल्यांच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. दौलतरावांनी ते पाहिलं, टोपी घातली आणि ग्रामसभेला निघाले.

*

शाळेच्या पत्र्याच्या मांडवात बसायला जागा नव्हती. सरपंच रंजना कांबळे टेबलामागं उभ्या होत्या. त्या खालच्या आळीतल्या, नदीचं पाणी पहिल्यांदा जिथं शिरतं तिथल्या. त्या "शांत बसा, शांत बसा" म्हणत होत्या, पण आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता.

अवधूत फोन उंचावून उभा राहिला. "चेअरमन, ह्यो हिरवा ठिपका कुणाचा?"

"खोटं हाय ते," दौलतराव म्हणाले.

"बाकी सगळ्यांचं खरं निघतंय. माझ्या घरातलं झाडून खरं हाय. तुमचंच तेवढं खोटं?"

"अवधूत, वर्सभर माझ्यासंगं हिंडलास तू."

"म्हणून तर इचारतोय! आमाला पुढं घातलंसा आन मनातनं तिकडं जाऊन बसलासा?"

मांडवात कल्लोळ उठला. मागून एक चप्पल भिरभिरत आली आणि टेबलावर आपटली. दौलतरावांनी गर्दीत लेकीला शोधलं. "मृदुला, तू सांग सगळ्यांस्नी. खोटं हाय का न्हाई?"

शेकडो डोळे तिच्याकडं वळले. एक शब्द पुरे होता. खोटं आहे, यंत्र चुकलं, एवढं म्हटलं की बाप सुटत होता. ती म्हणाली, "आण्णा, ठिपका यंत्रात आहे. पण ते मत नाही. मत तुम्ही अजून दिलेलंच नाही."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'आहे' एवढंच गावाला पुरलं. दौलतरावांचा चेहरा असा उतरला की ती नजर खाली घालून उभी राहिली.

अवधूत देवळातून ताट घेऊन आला. ताटात शपथेसाठी बेलाची पानं आणि भंडारा. त्यानं ते दौलतरावांसमोर धरलं. "उचला. गावासमोर उचला. नकाराचंच मत देणार म्हणून. तुमच्या मागनं सगळं गाव उचलंल. त्या यंत्राला दावून देऊ आपण कोण हाय ते."

"उचला! उचला!" वरची आळी ओरडू लागली.

आता इथं जे घडत होतं ते कुठल्याच छायेत नव्हतं. माणसांना आपापली छाया दिसली होती, आणि तिला खोटं पाडण्यासाठी ती नदीच्या तोंडात बसून राहायला निघाली होती. पावसाळा दोन आठवड्यांवर होता. गावाला भिऊन दौलतरावांचा हात ताटाकडं गेला.

"थांबा," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

शालनबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर सावरत त्या दोन पावलं पुढं आल्या.

"ठिपका बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

मांडवातल्या माना तिकडं वळल्या.

"मागच्या पुरापासनं पाऊस लागला की मी पिशवी भरून दारात बसते. निजत न्हाई. हे बगत्यात आन काय बोलत न्हाईत. माझ्यापायी हे जाणार हुते. मला सांगितलं न्हाई, तुमाला कुठनं सांगत्यात?" त्यांनी श्वास घेतला. "आन माझा ठिपका बगितला का कुणी? तांबडा हाय. ह्यांचा जीव मळीत अडकलाय म्हणून मी न्हाई म्हणणार हुते. एवढी वर्सं एका घरात काढली, पण एकमेकांस्नी इचारलं न्हाई. यंत्राला ठावं, आमालाच न्हाई."

दौलतराव बायकोकडं असे बघत होते, जणू ती आत्ताच परगावाहून आली आहे. हात ताटावर तसाच राहिला होता. त्यांनी तो मागं घेतला.

"अगं, मग बोलायचं व्हतं," ते हळूच म्हणाले.

"तुमी बोलला का?"

कुणीतरी म्हातारी फिसकन हसली. ते हसू दोन-चार तोंडांत फिरलं. अवधूत ताट घेऊन तसाच उभा होता, आता ते कुठं ठेवावं हे न कळून.

रंजना कांबळेंनी ती फट हेरली. "आता माझंबी ऐका. आमच्या आळीचे सगळे ठिपके हिरवे. म्हणून आमच्याकडं कुणी इचारायला फिरकलंच न्हाई, ना समिती, ना अभियानवाले. आमाला जायचंय, खरं हाय. पण माळावरचा आराखडा बगितला का कुणी? वरच्या आळीला मधली जागा. आमाला पुन्हा कडंला, नाल्याच्या तोंडाला. हितनं तिथं बुडायला जायाचं का आमी?"

"आराखडा दावा," दौलतराव म्हणाले.

आराखडा आणला गेला, टेबलावर पसरला गेला. माणसं त्यावर वाकली. मग जे भांडण सुरू झालं ते वेगळंच होतं. जायचं की राहायचं हा प्रश्न मागं पडला. जायचं तर कसं, कुणी आधी, कुणाला कुठली जागा, यावर गाव तोंडाला फेस येईपर्यंत बोललं. चिठ्ठ्या टाकून जागा वाटाव्यात, आळ्या मोडाव्यात, असं रंजना म्हणाल्या. वरच्या आळीतले काही जण उठून चालते झाले. दौलतराव बराच वेळ आराखड्यावर बोट ठेवून उभे होते. मग म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. माझीबी टाका त्यात." अवधूतनं ताट बाकावर ठेवलं आणि त्यांच्याकडं न बघता मांडवाबाहेर गेला.

मृदुलानं शाळेच्या भिंतीआड जाऊन केळुसकरांना फोन केला. "सर, मी सही करत नाही. प्रत्यक्ष मतदान घ्यावं लागेल."

"कारण काय लिहिणार? पद्धतीत चूक दाखव."

"यंत्राला विचारलेला प्रश्न आता गावाचा प्रश्नच राहिलेला नाही."

"मग नवा प्रश्न घालतो. तासाभरात उत्तर मिळेल."

आणि खरोखरच तासाभरात त्यांचा फोन आला. आवाज थंड होता. "चिठ्ठ्यांची अट घातली की वरची आळी फुटते. कौल नकाराचा येतोय. ऐकतेस ना? जुन्या प्रश्नावर सही केलीस तर गाव पावसाआधी माळावर. मतदान घेतलंस तर गाव नाही म्हणणार, आणि उद्या कुणी बुडालं तर ते तुझ्या सहीवाचून बुडालं, असं मी चारचौघांत सांगेन."

मांडवातून भांडणाचा आवाज येतच होता. यंत्र चुकेल असं म्हणायला तिच्याकडं एकही पुरावा नव्हता. आजवर ते चुकलं नव्हतं.

"सर, चिठ्ठ्यांचा हा प्रश्न छायांना आपणहून सुचला असता का?" तिनं विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"या माणसांना तो सुचला. एवढंच मला दिसतंय," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्यांच्या अटीसह मतदान झालं, शाळेच्या त्याच मांडवात, पडदा लावून. आभाळ भरून आलेलं. दौलतराव पडद्याआड गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले ते थेट घरी गेले. त्यांनी काय केलं ते मृदुलानं विचारलं नाही.

होकार रेघेच्या वर गेला, अगदी थोडक्यात. यंत्र चुकलं होतं. छायांना नवा प्रश्न कळला होता, पण तो मांडताना रंजना कांबळेंचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि चेअरमनांचं बोट आराखड्यावर किती वेळ होतं तेही पाहिलं नव्हतं. केंद्राच्या अहवालात मात्र 'अपवादात्मक स्थानिक परिस्थिती' एवढंच लिहिलं गेलं. मृदुलाचं तपासणीचं काम काढून घेण्यात आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातली दोन गावं छायाकौलावर उठली. सही दुसऱ्या कुणीतरी केली.

त्या पावसाळ्यात खालची आळी आधी हलली. ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा तिथं रिकामी जोती होती. वरच्या आळीतली काही घरं अजून हलायची होती. अवधूत खोत हलणारच नाही म्हणून बसला होता. त्याला नावेतून काढावं लागलं, म्हशी गेल्या. नावेत दौलतराव होते. त्यांनी हात दिला, त्यानं तो धरला, पण त्यानंतर दोघांत बोलणं म्हणून झालं नाही. इंगवल्यांच्या घराची मागची भिंत त्याच पुरात बसली. दौलतराव माळाच्या कडेला उभे राहून बघत होते. मृदुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी खोटं बोलली असतीस तर मी बेल उचलला असता गं, आन आज त्या भिंतीखाली असतो." ते रागावतील याची ती वाट पाहत होती. पण त्यांनी एवढंच म्हटलं आणि खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसलं.

दिवाळीनंतर माळावर पहिली ग्रामसभा भरली. पत्र्याची शेड, खाली मुरूम. चिठ्ठ्यांनी घरं अशी विखुरली होती की कोण कुठं राहतं हे पाहुण्याला दोनदा विचारावं लागे. विषय होता पाण्याच्या टाकीचा. दौलतरावांनी ठराव मांडला: टाकी पश्चिमेच्या टेकाडावर बांधावी. पाणी योजना चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळं मुद्दे भक्कम होते. रंजना कांबळेंनी उलट ठराव मांडला: टाकी गावाच्या मधोमध, बायकांना जवळ पडेल अशी.

मृदुला सुट्टी घेऊन आली होती. सवयीनं तिनं मनातल्या मनात माणसं मोजायला सुरुवात केली, कोण कुणीकडं जाईल त्याचा अदमास बांधू लागली. मग तिनं ते सोडून दिलं आणि नुसती बघत राहिली.

"चेअरमनांच्या ठरावाच्या बाजूनं?" ग्रामसेवकानं विचारलं. बरेच हात वर गेले.

"विरोधात?"

पुन्हा हात वर झाले. बायकांच्या रांगेत, दुसऱ्या ओळीत, शालनबाईंचा हात होता. सरळ, कोपरापर्यंत बांगड्या घसरलेला. नवऱ्याच्या विरोधात, सगळ्या गावासमोर.

दौलतरावांनी तो पाहिला. सगळे चेअरमनांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"मोज की लेका," ते ग्रामसेवकावर खेकसले. "तिचा हात दिसत न्हाई व्हय तुला?"